इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचे मापन: इव्हेंट निवडीपासून अंतिम वर्णपटापर्यंत

उच्च ऊर्जेच्या टकरींतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचा (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनप्रभारी प्रतिकण) वस्तुमान-वर्णपट, म्हणजे कोणत्या वस्तुमानाच्या किती जोड्या मिळाल्या याचा आलेख, काढायला बसलेला विद्यार्थी बहुधा सर्वांत आधी विरुद्ध प्रभारांच्या जोड्यांचा हिस्टोग्राम काढतो, त्यात कुठे उंचवटा दिसतो का ते पाहतो, आणि मग तो उंचवटा ठसठशीत दिसावा म्हणून निवडीच्या अटी बदलत जातो. हा क्रमच चुकीचा आहे. या मापनात खऱ्या संकेतापेक्षा पार्श्वभूमी, म्हणजे एकाच विघटनातून न आलेल्या, नुसत्या जुळवल्या गेलेल्या जोड्या, कित्येक पटींनी मोठी असते. त्यामुळे पार्श्वभूमी नीट समजण्याआधी वर्णपटाकडे पाहून घेतलेला प्रत्येक निर्णय उत्तराला एका बाजूला झुकवतो. पुढील टप्पे सर्नमधील लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या ॲलिस प्रयोगाच्या मध्यवर्ती भागासाठी, पहिल्या दोन सत्रांतील डिटेक्टर-रचना गृहीत धरून लिहिले आहेत. मुंबईच्या आयआयटीसह भारतातील अनेक संस्था या प्रयोगात सहभागी असल्याने आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या हाती ही विदा (डेटा) येते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगातील विश्लेषणही थोड्याफार फरकाने याच क्रमाने जाते. संवेग आणि वस्तुमान सर्वत्र जीईव्ही किंवा एमईव्हीमध्ये दिले आहेत.

## पूर्वतयारी: काय मोजायचे ते आधी लिहून काढावे

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी मापनाची व्याख्या कागदावर उतरवावी. कोणत्या आडव्या संवेगाच्या (बीमला लंब दिशेतील संवेगाच्या) वरचे ट्रॅक, म्हणजे कणांचे नोंदलेले मार्ग, घेणार, स्यूडोरॅपिडिटीची (बीमशी कण किती कोनात निघाला ते सांगणाऱ्या मापाची) मर्यादा किती, आणि अंतिम वर्णपट त्याच मर्यादेत देणार की पूर्ण अवकाशासाठी वाढवून देणार, याचा निर्णय आधी झाला पाहिजे. साधारणपणे दोन्ही कणांचा आडवा संवेग ०.२ जीईव्हीपेक्षा जास्त आणि स्यूडोरॅपिडिटी ऋण ०.८ ते धन ०.८ अशी मर्यादा घेतली जाते. वर्णपट त्या मर्यादेतच द्यावा, कारण बाहेरचा भाग भरून काढण्यासाठी जे मॉडेल वापराल त्याची अनिश्चितता तुमच्या मापनात मिसळते.

०.२ ही संख्या चुंबकीय क्षेत्राशी बांधलेली आहे. ॲलिसच्या सोलेनॉइडचे क्षेत्र ०.५ टेस्ला असते. त्यात ०.२ जीईव्हीचा ट्रॅक सुमारे १.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो, म्हणजे बीमपासून जास्तीत जास्त २.७ मीटर दूर जाऊन परत फिरतो. ट्रॅक नोंदवणारा, वायूने भरलेला टाइम प्रोजेक्शन चेंबर सुमारे २.५ मीटरपर्यंत पसरलेला असल्याने तेथे त्याची नोंद मिळते, पण उड्डाणकाळ मोजणारा टॉफ डिटेक्टर ३.७ मीटरवर आहे आणि तेथे पोहोचायला साधारण ०.३ जीईव्ही लागतात. म्हणजे ०.२ ते ०.३ या पट्ट्यात टॉफचा आधार मुळीच नाही, हे ओळखीच्या टप्प्यात विसरून चालणार नाही. क्षेत्र ०.२ टेस्लापर्यंत उतरवून घेतलेल्या खास विदेत खालची मर्यादा ०.०७५ जीईव्हीपर्यंत नेता येते.

जोड्या कोठून येतात याचा अंदाजही आधीच घ्यावा. तटस्थ पायॉन ९८.८ टक्के वेळा दोन फोटॉनमध्ये मोडतो आणि १.१७ टक्के वेळा इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन व फोटॉन यांत मोडतो. या दुसऱ्या प्रकाराला डालित्झ विघटन म्हणतात. याउलट ओमेगा मेसॉनच्या एक लाख विघटनांत अशी थेट जोडी सुमारे सातदा आणि फाय मेसॉनच्या दहा हजार विघटनांत सुमारे तीनदा मिळते. जे हवे आहे ते इतके दुर्मीळ आणि जे नको आहे ते इतके विपुल असल्यामुळेच पुढच्या सगळ्या काळज्या घ्याव्या लागतात.

तपासणी: निवडीच्या अटी सिम्युलेशनवर किंवा विदेच्या छोट्या भागावर ठरवून गोठवल्या आहेत ना? गोठवण्याआधी पूर्ण विदेतील ज्या वस्तुमान-पट्ट्यात तुम्हाला रस आहे तो उघडू नये.

## टप्पा १: इव्हेंट निवड

इव्हेंट म्हणजे एका टकरीची नोंद. हा टप्पा तुलनेने सरळ आहे. प्राथमिक शिरोबिंदू, म्हणजे टकरीची जागा, डिटेक्टरच्या मध्यापासून बीमच्या दिशेने १० सेंटीमीटरच्या आत असावा, आणि एकावर एक पडलेल्या टकरी वगळाव्यात. टाइम प्रोजेक्शन चेंबरमध्ये इलेक्ट्रॉन वाहून यायला सुमारे ९० मायक्रोसेकंद लागतात. त्या काळात दुसऱ्या बीम-गुच्छाची टक्कर झाली तर तिचे ट्रॅकही त्याच इव्हेंटमध्ये दिसतात. आतल्या सिलिकॉन थरांची नोंद सक्तीची केली की त्यातले बहुतेक गळून पडतात.

## टप्पा २: ट्रॅक निवड

येथील सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे इनर ट्रॅकिंग सिस्टिमच्या पहिल्या, ३.९ सेंटीमीटरवरच्या थरात नोंद असणे. फोटॉन पदार्थातून जाताना जोडीत रूपांतरित होतो. रूपांतर पहिल्या थराच्या बाहेर झाले तर त्या जोडीचे ट्रॅक तेथे नोंद ठेवू शकत नाहीत, म्हणून या एका अटीने बरीच रूपांतरणे वगळली जातात. बीम पाइप आणि पहिला थर यांतच झालेली रूपांतरणे मात्र उरतात. त्यांतील दोन ट्रॅक सुरुवातीला जवळजवळ एकावर एक असल्यामुळे सिलिकॉनमध्ये एकच नोंद वाटून घेतात. म्हणून सामायिक नोंदी असलेले ट्रॅक वगळावेत.

इशारा: प्राथमिक शिरोबिंदूपासूनच्या अंतरावरची अट फार आवळू नये. शून्य-प्रभारी डी मेसॉनचे आयुष्य प्रकाशवेगाने गुणले तर सुमारे १२३ मायक्रोमीटर येते, बी मेसॉनचे साडेचारशेहून जास्त. अट आवळली की चार्म आणि ब्युटी या जड क्वार्कांच्या कणांपासून (डी आणि बी मेसॉन यांतलेच) आलेले इलेक्ट्रॉन संवेगानुसार कमी-अधिक प्रमाणात गळतात, आणि ही गळती कार्यक्षमतेच्या (खऱ्यांपैकी किती सापडतात त्या प्रमाणाच्या) सुधारणेत बरोबर उतरली नाही तर मधल्या वस्तुमानाचा भाग वाकडा होतो.

## टप्पा ३: इलेक्ट्रॉनची ओळख

टाइम प्रोजेक्शन चेंबरमधील ऊर्जाऱ्हास (वायूतून जाताना कण गमावतो ती ऊर्जा) इलेक्ट्रॉनसाठी अपेक्षित मूल्यापासून किती सिग्मा (प्रमाण-विचलने) दूर आहे, यावर ओळख ठरते. अडचण अशी की काही संवेगांना इतर कणांच्या ऊर्जाऱ्हासाच्या रेषा इलेक्ट्रॉनच्या रेषेला छेदतात. केऑनची रेषा सुमारे ०.५ जीईव्हीला आणि प्रोटॉनची सुमारे १ जीईव्हीला इलेक्ट्रॉनवरून जाते, तर जास्त संवेगाला पायॉनची रेषा खालून वर चढत येते. छेदनाच्या जागी टॉफ लागतोच. मात्र प्रत्येक ट्रॅकला टॉफची सक्ती केली तर कार्यक्षमता बरीच घटते. त्यापेक्षा दोन मार्गांनी निवडलेले ट्रॅक एकत्र करावेत. पहिल्या मार्गात ट्रॅकला टॉफची नोंद असते आणि ती इलेक्ट्रॉनशी जुळते. दुसऱ्या मार्गात टॉफची नोंद लागत नाही, पण ऊर्जाऱ्हासावरून तो ट्रॅक केऑन, प्रोटॉन आणि पायॉन या तिन्हींच्या पट्ट्यांबाहेर असावा लागतो.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे सिग्माचे मूल्य सॉफ्टवेअरने दिले तसे स्वीकारणे. शुद्ध इलेक्ट्रॉनसाठी त्या वितरणाचा मध्य शून्य आणि रुंदी एक असायला हवी. प्रत्यक्षात स्यूडोरॅपिडिटी आणि इव्हेंटमधील कणसंख्या यांच्यानुसार मध्य सरकतो. म्हणून शिरोबिंदूपासून दूर, स्पष्ट व्ही आकारात दिसणारी फोटॉन-रूपांतरणे निवडून त्यांतून शुद्ध इलेक्ट्रॉन घ्यावेत. त्याच रीतीने केऑन-शॉर्टच्या विघटनातून शुद्ध पायॉन आणि लॅम्डाच्या विघटनातून शुद्ध प्रोटॉन मिळतात. या नमुन्यांवर मध्य व रुंदी मोजून विदा आणि सिम्युलेशन दोन्हींत स्वतंत्रपणे दुरुस्ती करावी.

तपासणी: संवेगाच्या प्रत्येक पट्टीत शुद्धता किती आहे, याचा आलेख काढला आहे ना? चुकून शिरलेले हॅड्रॉन (पायॉन, केऑन, प्रोटॉन यांसारखे कण) आपसांत असंबद्ध असतील तर ते पार्श्वभूमीबरोबर वजा होतात. पण एकाच विघटनातून किंवा एकाच जेटमधून (एका दिशेने निघालेल्या कणांच्या झोतातून) आलेल्या हॅड्रॉनांच्या जोड्या वजाबाकीनंतरही उरतात.

## टप्पा ४: जोड्या बनवणे

प्रत्येक इव्हेंटमधील सगळ्या निवडक ट्रॅकच्या तीन प्रकारच्या जोड्या कराव्यात: विषमप्रभारी, दोन्ही धन आणि दोन्ही ऋण. तिन्ही प्रकार एकाच फंक्शनमधून, त्याच अटींखाली गेले पाहिजेत. समप्रभारी जोड्यांसाठी वेगळा कोड लिहिला की एखादी अट एका ठिकाणी बदलली जाते आणि दुसरीकडे राहते, आणि अशी विसंगती वर्णपटात खऱ्या संकेतासारखीच दिसते.

वस्तुमान काढताना अंकांची अचूकता पाहावी. समजा जोडीची ऊर्जा १० जीईव्ही आणि वस्तुमान १० एमईव्ही आहे. ऊर्जेचा वर्ग १०० आणि वस्तुमानाचा वर्ग ०.०००१, म्हणजे दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून त्यांच्या दहा लाखाव्या भागाएवढी संख्या काढायची आहे. सिंगल प्रिसिजनमधील संख्येत सापेक्ष त्रुटी सहा भाग प्रति शंभर दशलक्ष इतकी असते, त्यामुळे वस्तुमानाच्या वर्गात काही टक्क्यांची चूक सहज शिरते आणि कधी वर्ग ऋणही येतो. घटक-संवेग वाचल्याबरोबर डबल प्रिसिजनमध्ये घ्यावेत, आणि इलेक्ट्रॉनचे ०.५११ एमईव्ही वस्तुमान शून्य धरू नये.

हिस्टोग्राम निदान द्विमितीय असावा, एका अक्षावर वस्तुमान आणि दुसऱ्यावर जोडीचा आडवा संवेग. भरण्याआधी त्रुटींची नोंद ठेवणारा पर्याय चालू करावा.

## टप्पा ५: उरलेली रूपांतरणे काढणे

रूपांतरणातून आलेल्या जोडीचे खरे वस्तुमान जवळजवळ शून्य असते, तरी ती वर्णपटात शून्यापाशी दिसत नाही. ट्रॅक प्राथमिक शिरोबिंदूपासून निघाला असे गृहीत धरून त्याची दिशा काढली जाते, प्रत्यक्षात तो काही सेंटीमीटर बाहेर जन्मलेला असतो. या तफावतीमुळे दोन ट्रॅकमध्ये एक खोटा कोन तयार होतो आणि खोटे वस्तुमान दिसते. रूपांतराची जागा जितकी बाहेर, तितके हे वस्तुमान मोठे. म्हणून बीम पाइप आणि सिलिकॉनच्या थरांचे वेगवेगळे उंचवटे कमी वस्तुमानाच्या भागात उमटतात, आणि नवख्याला ते नवीन कणासारखे भासू शकतात.

ओळखण्याची खूण अशी की हा खोटा कोन नेहमी चुंबकीय क्षेत्राला लंब असलेल्या प्रतलातच उघडतो. जोडीचे प्रतल क्षेत्राच्या संदर्भात कसे वळलेले आहे ते सांगणारा कोन फाय-व्ही या नावाने ओळखला जातो. रूपांतरणांसाठी तो एका टोकाला गोळा होतो, तर डालित्झ व इतर खऱ्या जोड्यांसाठी तो पसरलेला असतो. ही अट फक्त कमी वस्तुमानाच्या भागात लावावी.

इशारा: क्षेत्राची दिशा उलटी केली की रूपांतरणे फाय-व्हीच्या दुसऱ्या टोकाला जातात. दोन्ही दिशांची विदा एकत्र करताना ट्रॅकांचा क्रम प्रभार व क्षेत्रदिशा यांनुसार ठरवला नसेल तर अर्धी रूपांतरणे अटीतून निसटतात. प्रत्येक दिशेचा आलेख वेगळा काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा उपाय प्रीफिल्टरचा. निवडलेल्या ट्रॅकची सैल अटींच्या ट्रॅकशी जोडी लावून पाहायची, आणि अगदी कमी वस्तुमानाची जोडी जुळली तर तो ट्रॅक पुढच्या सगळ्या जोड्यांतून काढून टाकायचा. याने डालित्झचे इलेक्ट्रॉनही कमी होतात आणि पार्श्वभूमी उतरते. शिसे-शिसे टकरींत मात्र ट्रॅक इतके असतात की योगायोगानेही जोडी जुळते आणि चांगले ट्रॅक फेकले जातात. हे नुकसान प्रत्येक केंद्रीयता-गटासाठी (दोन अणुकेंद्रे किती समोरासमोर आदळली त्यानुसारच्या गटासाठी) मोजून कार्यक्षमतेत धरावे लागते.

## टप्पा ६: पार्श्वभूमी

बहुतेक विश्लेषणे येथेच बिघडतात. संकेत आणि पार्श्वभूमी यांचे प्रमाण एकास दोनशे असेल, तर पार्श्वभूमीतली पाव टक्क्याची चूक संकेतात पन्नास टक्क्यांची चूक होऊन येते. शिसे-शिसे टकरींत काही वस्तुमान-पट्ट्यांत प्रमाण याहूनही वाईट असते. म्हणून पाव टक्क्याहून लहान परिणामसुद्धा येथे मोजून घ्यावे लागतात.

पायरी अशी घ्यावी. हिस्टोग्रामच्या प्रत्येक खान्यात धन-धन आणि ऋण-ऋण जोड्यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याची दुप्पट करावी. विषमप्रभारी जोड्यांमधील पार्श्वभूमीचा हा पहिला अंदाज. तो आर या स्वीकार-गुणकाने गुणावा. डिटेक्टरचे काही भाग बंद असतात, धन आणि ऋण ट्रॅक विरुद्ध दिशांना वळतात, त्यामुळे समप्रभारी व विषमप्रभारी जोड्या सापडण्याची शक्यता सारखी नसते. आर हा फरक भरून काढतो.

आर मिश्र इव्हेंटमधून काढतात: एका इव्हेंटचे इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याचे पॉझिट्रॉन घेऊन बनवलेल्या विषमप्रभारी जोड्यांना, त्याच रीतीने बनवलेल्या समप्रभारी जोड्यांच्या भूमितीय सरासरीच्या दुपटीने भागायचे. शिरोबिंदूची जागा, केंद्रीयता आणि जड आयनांच्या टकरींत इव्हेंट-प्रतलाची (कणांचा प्रवाह ज्या प्रतलात जास्त असतो त्याची) दिशा सारखी असलेलेच इव्हेंट एकमेकांत मिसळावेत. प्रीफिल्टर मिश्रणाआधी लावावा, आणि फाय-व्हीची अट मिश्र जोड्यांवरही लावावी.

तपासणी: वस्तुमान वाढेल तसा आर एकापाशी सपाट होतो का? तसे होत नसेल तर मिश्रणाचे गट ढोबळ आहेत किंवा अटी दोन ठिकाणी वेगळ्या लागल्या आहेत. कमी वस्तुमान आणि जोडीचा कमी संवेग येथे आर एकापासून दूर जाणे स्वाभाविक आहे.

चुका तीन प्रकारच्या दिसतात.

पहिली, समप्रभारी जोड्यांऐवजी मिश्र इव्हेंटलाच पार्श्वभूमी मानणे. त्यात सांख्यिकी भरपूर मिळते, म्हणून मोह होतो. पण एका पायॉनचे दोन्ही फोटॉन दोन जोड्या देतात तेव्हा एका फोटॉनचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या पॉझिट्रॉनशी जुळतो. या आडव्या जोड्या आणि जेटमधल्या जोड्या एकमेकांशी संबद्ध असतात, समप्रभारी व विषमप्रभारी अशा दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारख्या येतात, आणि मिश्र इव्हेंटमध्ये मुळीच येत नाहीत. समप्रभारी पद्धत त्यांना आपोआप वजा करते. मिश्रणाचा उपयोग आर काढण्यापुरता ठेवावा.

दुसरी, विरळ खान्यांत भूमितीय सरासरी वापरणे. धन-धन खान्यात पाच आणि ऋण-ऋण खान्यात शून्य जोड्या असतील तर गुणाकार शून्य होतो आणि पार्श्वभूमी नाहीच असे उत्तर येते. जास्त वस्तुमानाच्या भागात खाने रुंद करावेत किंवा दोन्ही संख्यांची सरळ बेरीज वापरावी, आणि दोन्ही पद्धतींतला फरक पद्धतशीर अनिश्चिततेत घ्यावा.

तिसरी, वजाबाकीनंतर त्रुटी कमी दाखवणे. पार्श्वभूमीचे विचरण (त्रुटीचा वर्ग) आरच्या वर्गाला दोन्ही समप्रभारी संख्यांच्या बेरजेने गुणून मिळते, आणि ते विषमप्रभारी संख्येच्या विचरणात मिळवावा लागतो. आर एकाजवळ असेल तर एकूण विचरण संकेत अधिक पार्श्वभूमीची दुप्पट इतके होते. केवळ विषमप्रभारी संख्येचे वर्गमूळ त्रुटी म्हणून लावलेले आलेख आजही पाहायला मिळतात, आणि त्यांत चार सिग्माचा दिसणारा उंचवटा खरे तर तीनचाही नसतो.

पार्श्वभूमीची काळजी किती फरक पाडते ते ब्रुकहेवनच्या फेनिक्स प्रयोगाच्या दोन मापनांवरून कळते. सोने-सोने टकरींत कमी वस्तुमानाच्या भागात अपेक्षेच्या सुमारे ४.७ पट जोड्या आधीच्या मापनात आढळल्या होत्या. हॅड्रॉन ब्लाइंड डिटेक्टर बसवून, हॅड्रॉनांची भेसळ बरीच कमी करून आणि संबद्ध पार्श्वभूमीचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे हिशोबात धरून केलेल्या नंतरच्या मापनात हे प्रमाण सुमारे २.३ पट निघाले, जे स्टार प्रयोगाच्या निष्कर्षाशी जुळणारे होते.

## टप्पा ७: कार्यक्षमतेची सुधारणा

जोडीची कार्यक्षमता म्हणजे दोन सरासरी ट्रॅक-कार्यक्षमतांचा गुणाकार नव्हे. प्रत्येक ट्रॅकची कार्यक्षमता संवेग, स्यूडोरॅपिडिटी आणि कोन यांनुसार नकाशाच्या रूपात काढावी, मग सिम्युलेशनमधील प्रत्येक जोडीच्या दोन्ही घटकांसाठी त्या नकाशातून मूल्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा, आणि त्यानंतरच वस्तुमान व जोडी-संवेगाच्या खान्यात सरासरी घ्यावी. कमी वस्तुमानाच्या जोडीत दोन ट्रॅक जवळ असतात आणि एकमेकांच्या नोंदी बिघडवतात. तेथे पूर्ण सिम्युलेशनमधून थेट जोडी-कार्यक्षमता काढणे अधिक सुरक्षित.

तपासणी: सुधारणा केलेले सिम्युलेशन मूळ जनित वर्णपट परत देते का? देत नसेल तर खऱ्या विदेला हात लावू नये.

## टप्पा ८: कॉकटेलशी तुलना

ज्ञात हॅड्रॉनांच्या विघटनांची बेरीज, म्हणजे कॉकटेल, मापनाशेजारी मांडतात. त्यात पायॉन, ईटा, ईटा-प्राइम, ऱ्हो, ओमेगा, फाय, जे-साय, चार्म आणि ब्युटी हे सगळे लागतात. डिटेक्टरची विभेदनक्षमता आणि इलेक्ट्रॉनची ब्रेम्सस्ट्रालुंगमधून (पदार्थातून जाताना फोटॉन सोडल्याने) होणारी ऊर्जाहानी कॉकटेलमध्ये घालावी. जे-सायच्या ३.०९७ जीईव्हीच्या शिखराची डावीकडे लांबणारी शेपटी या हानीचीच असते, आणि ती कॉकटेलमध्ये नसेल तर शिखराखाली खोटे आधिक्य दिसते.

ब्युटीच्या बाबतीत एक बारकावा वारंवार निसटतो. ब्युटीमधून आधी चार्म आणि मग इलेक्ट्रॉन अशी साखळी होते, शिवाय तटस्थ बी मेसॉन आपल्या प्रतिकणात बदलतो. यामुळे ब्युटीपासून समप्रभारी संबद्ध जोड्याही तयार होतात. विदेतून त्या टप्पा ६ मध्ये आपोआप वजा झालेल्या असतात. म्हणून कॉकटेलमधील ब्युटीच्या वाट्यातूनही विषमप्रभारीतून समप्रभारी वजा करूनच घ्यावे, नाहीतर कॉकटेल मापनापेक्षा उंच दिसेल आणि दोष विदेला दिला जाईल.

## टप्पा ९: पद्धतशीर अनिश्चितता

ट्रॅक, ओळख, फाय-व्ही आणि प्रीफिल्टर यांच्या अटी एकाच वेळी, यादृच्छिक जुळण्यांत बदलून संपूर्ण साखळी पहिल्यापासून पुन्हा चालवावी. एकेक अट बदलून फरकांच्या वर्गांची बेरीज केली तर विरळ खान्यांतले सांख्यिकी चढउतारच पद्धतशीर म्हणून मोजले जातात. प्रत्येक जुळणीतील निकाल एकाच विदेतून येत असल्याने त्यांच्या सांख्यिकी त्रुटी परस्परांशी संबद्ध असतात. दोन निकालांतला फरक बघताना दोन्ही त्रुटी वर्गांच्या बेरजेने एकत्र करू नयेत, त्यांच्या वर्गांतल्या फरकाचे वर्गमूळ ही योग्य मोजपट्टी आहे. जुळण्यांमधील निकालांचा पसारा वस्तुमानाच्या एखाद्याच पट्ट्यात अचानक वाढत असेल, तर तो पट्टा एखाद्या छेदनरेषेवर किंवा रूपांतरणाच्या जागी पडतो का ते टप्पा ३ आणि ५ मध्ये परत जाऊन पाहावे, आणि कारण सापडल्यावरच वर्णपट गटापुढे ठेवावा.